माळ्यावरची कणगी

आईला भेटायला जाताना रामनाथ कधी रिकाम्या हातानं गेला नाही, एवढं त्याच्या बाजूनं आधीच सांगून टाकलेलं बरं. पुढं त्याच्या बाजूनं सांगण्यासारखं फारसं काही नाही. दर रविवारी तो मंचरहून पेठला निघायचा तेव्हा मोटरसायकलच्या हँडलला पिशवी लटकलेली असायची. कधी केळी, कधी राजगिऱ्याचे लाडू, कधी गुडघ्याला चोळायचं तेल. एकदा तर त्यानं लोकरीचे पायमोजे नेले, तेही ऐन चैत्रात. सोनीबाईनं ते हातात घालून बघितले आणि म्हणाली, "गरम हायेत." न्यायला हवी होती ती गोष्ट मात्र तो दर खेपेला घरी विसरून यायचा. 'आये, तुला आता हितंच राहायचंय,' एवढंच ते वाक्य होतं.

रामनाथ मनाचा वाईट नव्हता. वाईट असता तर एकदाच काय ते तोडून बोलला असता आणि मोकळा झाला असता. हा पडला गुळमुळीत. कुणाला तोंडावर नाही म्हणायचं झालं की याच्या घशात आवंढा यायचा, आणि आवंढ्याच्या जागी 'बघू' बाहेर पडायचं. आजचं मरण उद्यावर ढकलत ढकलत त्यानं पंचेचाळिशी गाठली होती.

सोनीबाईचं घर आहुपे खोऱ्यात, डिंभे धरणाचं पाणी संपतं त्याच्याही वरच्या अंगाला, एका वाडीत. चार खाचरं, बांधावर हिरड्याची दोन झाडं आणि कौलारू घर. नवरा कुशाबा जाऊन बरीच वर्षं झाली होती. एकुलता एक रामनाथ मंचरला दुधाच्या शीतकरण केंद्रात कामाला लागला, तिथंच त्यानं संसार थाटला. पण म्हातारीनं एकही खाचर पड पडू दिलं नाही. गेल्या कार्तिकात भात झोडून झाल्यावर पेंढा रचताना ती वरून घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. मंचरला ऑपरेशन झालं, आत लोखंड बसवलं. डॉक्टरांनी बजावलं, आता डोंगर नाही, चढउतार नाही, पुन्हा पडल्या तर माझ्याकडं आणू नका.

रामनाथच्या दोन खोल्या वरच्या मजल्यावर. जिना लोखंडी आणि शिडीसारखा उभा, मोरी वर पण संडास खाली. रोज सकाळी रामनाथ आईला पाठुंगळी घेऊन उतरायचा आणि पुन्हा चढायचा. एका सकाळी मधल्या पायरीवर त्याचा पाय निसटला. कठडा धरला म्हणून दोघं वाचली. सोनीबाई त्याच्या पाठीवर खुदुखुदू हसली, म्हणाली, "लहानपणी मी तुला असंच पाडलं व्हतं वढ्यात, फेडलास म्हन." रामनाथला मात्र त्या दिवसापासून जिना स्वप्नात यायला लागला.

त्याची बायको साधना शाळेत पोषण आहार शिजवायची. ती सरळ बोलणारी. "खाली तळमजल्याला खोली बघू," ती म्हणाली, "गावाबाहेर मिळाली तरी चालंल. मी सायकलनं जाईन शाळेत. आत्यांना काय जड हाये?" रामनाथ म्हणाला, बघू. आणि मग खोली बघायच्या आधी त्यानं केंद्रावरच्या कुणाच्या तरी सांगण्यावरून पेठचा आश्रम बघून घेतला. हायवे सोडून आत गेलं की आंब्याच्या झाडांत बैठी इमारत. गेटावर नाव मोठं सुरेख लिहिलेलं आहे, पण आजूबाजूचे लोक नुसतं आश्रम म्हणतात. सगळं तळमजल्यावर, भिंतीला धरायला दांडे, संडास खोलीला लागून. रामनाथला तो संडास बघूनच भरून आलं.

संक्रांत झाल्यावर तो आईला घेऊन आला. ती गेटाशी आली आणि खांबाला धरून उभी राहिली. आत दोनचार म्हातारे उन्हाला बसले होते. ती त्यांच्याकडं बघत राहिली, आणि वॉकर काही पुढं टाकेना. तेव्हा रामनाथ बोलून गेला. कुणी त्याच्या मानेवर सुरी ठेवली नव्हती.

"पेरणीपतुर ऱ्हा आये. हितं पायाचा व्यायाम घेत्यात. पेरणीला तुला घरी नेतो."

"पेरणीला?"

"व्हय, पेरणीला."

"मग ठीक हाये," सोनीबाई म्हणाली आणि तिनं वॉकर उचलला.

आश्रमात प्रत्येकाच्या खाटेशी एक लोखंडी कपाट होतं, किल्लीचं. सोनीबाईनं ते उघडलंच नाही. बोचकं खाटेखाली. सकाळी लागेल ते काढायचं, संध्याकाळी पुन्हा बांधून ठेवायचं, एखादी बाई एस.टी.ची वाट बघत बसावी तसं. तिथल्या मॅडम हसून म्हणायच्या, "आजी, कपाट आहे की." ही म्हणायची, "असू द्या. थोड्या दिसांसाठी कशाला घान करायची?"

शेजारच्या खाटेवर सारजाबाई होत्या, राजुरीच्या. बागायतदाराघरची बाई, आवाज खणखणीत. दोन्ही मुलांचे बंगले समोरासमोर, आणि आई एक महिना इकडं, एक महिना तिकडं अशी वाटून घेतलेली. एकतीस दिवसांचा महिना कुणाच्या वाट्याला यावा यावरून भावाभावांत जुंपली, तेव्हा सारजाबाईंनीच उठून बॅग भरली आणि सांगितलं, मला दोघांच्या मधी नगं, लांब सोडा. त्यांचं कपाट मात्र कोंबून भरलेलं होतं, दार ढकलून लावायला लागायचं.

"तू वरची ना गं?" त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं. "आमच्या कांद्याला तुमच्याकडच्या टोळ्या यायच्या."

"मी आलेली हाये राजुरीला," सोनीबाई म्हणाली. "तुमच्याच बांधावर भाकर खाल्ली आसंल. तुमी घोड्यावानी चालायच्या, मागं बघायच्या न्हाई."

"एवढ्या बाया यायच्या, कुनाकुनाची त्वांडं ध्यानात ठिऊ?" सारजाबाई म्हणाल्या, पण त्या दिवसापासून दोघींचा चहा एकत्र व्हायला लागला.

सारजाबाईंनीच एकदा तिला विचारलं होतं, पोरगा खरंच न्यायला येनार हाये का गं? सोनीबाई म्हणाली, येनार म्हंजी काय, बी माळ्यावर ठिवून आलीया मी.

या बियाचं सांगायला हवं. सोनीबाईच्या घरात रायभोग भात पिकायचा, बारीक दाण्याचा आणि वासाचा. शिजायला लागला की वाटेवरून जाणारा माणूस थांबून विचारायचा, आज काय आहे? आता सगळ्या खोऱ्यात बाजारातून पिशवीतलं बियाणं येतं. वाडीत रायभोगाचं जुनं बी राहिलं ते सोनीबाईकडंच. खायच्या भाताची कणगी खाली, पडवीत. बियाची लहान कणगी माळ्यावर. बियाला राख चोळायची, निरगुडीचा पाला घालायचा आणि कणगीचं तोंड शेणामातीनं लिंपून टाकायचं, ते थेट पेरणीच्या दिवशी उघडायचं. उघडायचं तेही घरच्या बाईनं, अंघोळ करून. बाकीच्यांनी हात लावायचा नाही. कुणी मूठभर मागितलं तर नाही म्हणायचं नाही. आणि बी खायचं नाही, मेलं तरी. बाहत्तरच्या दुष्काळात रामनाथच्या आजीनं रानातले कडू कंद वाहत्या पाण्यात ठेवून, उकडून पोरांना घातले. पण रात्री ती झोपायची ते बियाच्या कणगीला डोकं लावून. भुकेनं पोरगंच उठून हात घालील, ही भीती. ते पोरगं म्हणजे कुशाबा. त्यानं ही गोष्ट रामनाथला इतक्या वेळा सांगितली होती की रामनाथला ती कंदाची कडू चव आपण चाखल्यासारखी वाटायची.

तर दर रविवारी केळी सोलता सोलता सोनीबाई विचारायची, "राब भाजला का?" रोपं टाकायच्या जागेवर शेण, पाला, काटक्या अंथरून जाळतात, त्याला राब म्हणतात, तो भाजल्याशिवाय पेरणी नाही.

"भाजला. भागूनं भाजला." भागू म्हणजे शेजारचा, रामनाथच्या बरोबरीचा.

"बांध?"

"घातला की."

"माळ्यावर उंदराकडं ध्यान ठिव."

"हाये, हाये."

यातलं काहीच झालेलं नव्हतं. वाडीत सगळे समजत होते की सोनीबाई मंचरला लेकाकडं सुखात आहे. आश्रम हा शब्द रामनाथनं डिंभ्याच्या वर जाऊच दिला नव्हता. खोटं बोलायचं तर स्मरणशक्ती चांगली लागते, आणि ती याच्याकडं नव्हती. एका रविवारी त्यानं राब शिमग्याच्या आधी भाजला म्हणून सांगितलं, दुसऱ्या रविवारी शिमग्यानंतर. सोनीबाईनं त्याच्याकडं बघितलं आणि केळीचं साल नीट घडी करून पिशवीत ठेवलं.

"आत्यांना खरं सांगून टाका," साधना दर शनिवारी म्हणायची. "रडतील, बोलतील. पन मग काय तरी ठरवता तरी यील."

"सांगतो. ह्या रविवारी सांगतो."

वैशाखातल्या एका रविवारी तो खरंच ठरवून गेला होता. जाताना रस्त्यात मोठ्यानं म्हणूनही बघितलं. पण आईसमोर बसला आणि सोनीबाई सहज म्हणाली, "हितं जेवान चांगलं हाये, नावं ठिवायची न्हाई. भात तेवढा नुसता पांढरा. वास न्हाई काय न्हाई. घरचा एक घास मिळाला असता तर बरं वाटलं असतं."

बुडत्याला काडीचा आधार. रामनाथनं तो घास धरला. "आनतो की आये! पुढच्या रविवारी घरचा भात आनतो." आणि त्या आनंदात खरं सांगायचं पुन्हा राहून गेलं.

मधल्या वारी सुट्टी काढून तो वाडीला गेला. पावसाच्या आधी कौलांवर प्लास्टिक टाकायचं होतंच. पडवीतली खायची कणगी रिकामी होती. तो भात आईबरोबर त्यांनी मंचरला आणला होता आणि शिमग्यापर्यंत खाऊन संपवला होता. हे त्याला आठवलं ते रिकाम्या कणगीत वाकून बघितल्यावर.

एवढ्यात भागू आला. "काय राव, वाट चुकला का? काकू कशी हाये?"

"बरी हाये."

"कवा आनतोस? तिच्याबिगार आळी सुनी सुनी वाटती. आन ऐक, औंदा मला मूठभर रायभोग पायजे. पिशवीतलं बी पेरून कटाळलो. काकूला म्हन, सव्वाईनं परत करीन."

आता इथं काय अवघड होतं? माळ्यावर चढायचं, कणगी खाली घ्यायची आणि म्हणायचं, भागू, आई आता येत नाही, हे तूच सांभाळ, तूच पेर. पण तसं म्हणायचं तर मग ती कुठं आहे तेही सांगावं लागलं असतं. रामनाथनं प्लास्टिकची घडी उलगडायला घेतली.

"आई पेरणीला येतीय ना," तो म्हणाला. "तिच्याच हातानं देईल."

"त्ये बेस झालं," भागू म्हणाला आणि त्याला प्लास्टिक बांधू लागला. काम झाल्यावर चहा प्यायला घरीही बोलावलं. रामनाथ गेला नाही.

भागू गेल्यावर तो माळ्यावर चढला. कणगी आईनं ठेवली होती तशीच होती. तोंडावरच्या वाळल्या शेणामातीत तिच्या बोटांचे ठसे दिसत होते. निरगुडीचा वास येत होता. हे बी आहे हे त्याला माहीत नव्हतं, असं म्हणायची काही सोय नाही. त्यानं स्वतःची समजूत घातली ती अशी: पेरणार कोण? एक पावसाळा गेला की या भाताची उगवण जाते. उंदीर खातील, बुरशी धरेल. त्यापेक्षा आईच्या तोंडी दोन घास गेले तर काय वाईट? तिनं राखलं, तिनं खाल्लं. हा विचार त्याला इतका चांगला वाटला की डोळ्यांत पाणी आलं, आणि त्या पाण्यातच त्यानं मुठीनं कणगीचं तोंड फोडलं.

सगळा भात पोत्यात भरून त्यानं घोडेगावला गिरणीवर नेला. त्यातला मूठभरसुद्धा मागं ठेवायचं त्याला सुचलं नाही. माणूस एकदा चांगलं काम करतोय असं समजून चालला की त्याला थांबवणारं कुणी नसतं.

"हे कुठनं आनलं?" साधनानं विचारलं. ती खालच्या अंगाची, माळ्यावरच्या कणगीचं तिला ठाऊक नव्हतं.

"घरात शिल्लक व्हतं."

रविवारी पहाटे उठून तिनं भात केला, उडदाचं घुटं केलं, वर लसणाची फोडणी दिली. वास जिन्यातून खाली गेला आणि खालच्या भाडेकरणीनं वर येऊन विचारलं, आज कोण पाहुणे? साधनानं डबा फडक्यात बांधला, वर आणखी एक टॉवेल गुंडाळला. "गरम गरम खाऊ द्या आत्यांना," ती म्हणाली. "आन आज सांगाच."

सोनीबाई व्हरांड्यात बाकावर बसली होती, शेजारी सारजाबाई. आत टीव्हीवर हिंदी मालिकेतली सासू कुणावर तरी ओरडत होती. रामनाथनं डबा सोडला, झाकण काढलं. सोनीबाईनं डोळे मिटले. तिचा चेहरा असा उजळला की रामनाथला वाटलं, आपण केलं ते बरोबर केलं.

"आपला भात!" ती म्हणाली. "सारजाबाई, ताट आना तुमचं. आधी तुमी घ्या."

सारजाबाईंनी घास घेतला, दुसरा घेतला. "अगं बया. वास तर लई ग्वाड हाये. कुठला म्हनायचा ह्यो?"

"आमचा रायभोग. माझ्या सासूच्या सासूपासनं चालत आलेला." सोनीबाई भराभर जेवत होती. बोटं घुट्यानं माखली होती, आणि ती मान डोलावत होती. रामनाथनं तिला इतकं पोटभर जेवताना हाड मोडल्यापासून बघितलं नव्हतं.

"जुना का नवा गं?" सारजाबाईंनी विचारलं.

"औंदाचाच. खालच्या कनगीतला..." सोनीबाई बोलता बोलता थांबली. घास हातात राहिला. तिनं तो नाकाशी नेला, वास घेतला आणि पुन्हा ताटात ठेवला.

"रामा, ह्यो कुठला भात?"

"घरचाच, आये."

"घरचा त्ये मला कळतंय. खालच्या कनगीतला तर शिमग्यालाच सरला. साधनानंच सांगितलं व्हतं. कुठल्या कनगीतला?"

रामनाथनं वर छताकडं बघितलं, जणू माळा तिथंच होता.

"माळ्यावरच्या," तो म्हणाला.

सारजाबाईंनी चावणं थांबवलं. त्या शेतकरीणच, पुढचं त्यांना कुणी सांगायला लागलं नाही. त्यांनी ताट हळूच बाकावर ठेवलं आणि पदरानं तोंड पुसलं.

"उंदरं लागली असती, आये," रामनाथ घाईघाईनं बोलायला लागला. "पावसात भिजलं असतं. आन तुला हितला भात ग्वाड लागंना, म्हनून मी म्हनलं..."

"सगळं?"

"व्हय."

"मूठभर बी न्हाई ठिवलं?"

"न्हाई."

सोनीबाईला काहीतरी सुचलं आणि तिनं आशेनं मान वर केली. "भागूला तरी दिलंस आसशील थोडं. त्यो दरसाल म्हनतो, काकू, मला दे."

इथं एक 'व्हय' म्हणायला काय गेलं असतं? इतके रविवार जो माणूस खोटं बोलत आला, राबाचं खोटं बोलला, बांधाचं बोलला, तो आणखी एक खोटं बोलला असता तर म्हातारीला तेवढाच आधार झाला असता. पण रामनाथचं नशीबच फुटकं. नको तिथं जन्मभर खोटं बोलला आणि नेमकं तेव्हा त्याच्या तोंडून खरं बाहेर पडलं.

"न्हाई दिलं. मागितलं व्हतं त्यानं."

"मागितलं आन तू न्हाई म्हनलास?" तिचा आवाज तेवढा एकदाच चढला.

"न्हाई असं नाय म्हनलो. म्हनलो, आई पेरणीला येतीय, तिच्या हातानं देईल."

सोनीबाई त्याच्याकडं बघत राहिली. रागानं बघितलं असतं तर त्याला सोसलं असतं. ती बघत होती ते त्याचीच कीव आल्यासारखी, लहानपणी काही हरवून घरी आला की बघायची तशी.

"म्हंजी मी येनार न्हवतेच," ती म्हणाली. "कवाच न्हवते."

रामनाथला रडू फुटलं. पंचेचाळिशीचा गडी, आश्रमाच्या व्हरांड्यात, शर्टाच्या बाहीत तोंड घालून रडायला लागला. "आये, मी सांगनार व्हतो. दर रविवारी सांगनार व्हतो."

"बरं, बरं," ती म्हणाली आणि ताट पुढं ओढून पुन्हा जेवायला लागली.

"राहू दे, आये. नको खाऊस."

"टाकून उठू? ह्ये?" तिनं विचारलं. "माझ्या सासूनं ह्याला डोकं लावून रात्री काढल्या." सारजाबाईंच्या ताटात उरलेलं होतं तेही तिनं मागून घेतलं. आता ती मान डोलावत नव्हती. एकेक घास तोंडात घालायची, बराच वेळ चावायची, गिळायची. डबा पुसून घेतला, बोटाला लागलेलं शीतही सोडलं नाही. मग वॉकर घेऊन मोरीवर गेली, डबा स्वतः घासला, आणि खोलीत गेली. रामनाथ मागं मागं गेला. सारजाबाई दारात उभ्या राहिल्या.

तिनं खाटेखालचं बोचकं ओढलं. रामनाथ वाकायला गेला तर हातानं बाजूला केलं. गाठ सोडली. लोखंडी कपाट उघडलं. दार एवढ्या महिन्यांनी करकरलं. वरच्या खणात तिनं लुगडी ठेवली. मधल्यात फणी, तेलाची बाटली, औषधं, ते लोकरीचे पायमोजे. कुशाबाचा फोटो पदरानं पुसून आतल्या अंगाला उभा केला. बोचक्याच्या तळाशी फडक्यात गुंडाळलेला तिचा विळा होता, भात कापायचा. आश्रमात कुणाला कळू न देता तिनं तो एवढे दिवस जवळ ठेवला होता.

"ह्यो घिऊन जा," ती म्हणाली. "हितं काय कापायचंय? भागूला दे. म्हनावं, सोनीबाईनं दिलाय. बी मागितलं व्हतंस, त्ये काय आता न्हाई, म्हनून ह्यो."

"मी त्याला काय सांगू आये?"

"खरं सांग. आता काय ऱ्हायलंय लपवायला?"

रामनाथनं विळा घेतला. मूठ आईच्या हातानं झिजून गुळगुळीत झाली होती. बोचक्याचं फडकं तिनं झटकलं, घडी घातली आणि तेही कपाटात ठेवलं, सगळ्यात खाली.

"साधनाला म्हनावं, भात लई चांगला झालता," ती म्हणाली. "तिच्याव चिडू नगंस, तिला काय ठावं. आन पेरणीच्या टायमाला सुट्टी काढू नगंस. उगा खाडा व्हईल कामाचा."

"आये, ऐक. मी तळमजल्याला खोली बघतो. गावाभाईर मिळाली तरी घेतो. खरंच बघतो, आये. ह्याच महिन्यात."

"बघ," सोनीबाई म्हणाली.

तिनं कपाटाचं दार लावलं, किल्ली फिरवली आणि ती पदराच्या टोकाला घेऊन वर घट्ट गाठ मारली. मग सारजाबाईंना म्हणाली, चला, चहाची वेळ झाली असंल.